जांभ्या जमिनीत चुना कोणत्या पिकाला?
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भात निघाल्यावर त्याच खाचरात भुईमूग केला, पण शेंगा पोचट निघाल्या, ही तक्रार कोकणात शिवारफेरीला गेले की हमखास ऐकू येते. बियाणे चांगले, पाणी वेळेवर, खतही दिलेले. मग चूक कुठे झाली?

आपली जांभी जमीन अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाने धुतलेली आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश पाण्याबरोबर निघून गेले. मागे राहिली लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे आणि तांबूस चिकणमाती. सामू साधारण 5 ते 6.5. चिकणमाती म्हटले की देशावरची काळी जमीन आठवते, परंतु काळी माती अन्नद्रव्ये जशी धरून ठेवते तशी ही ठेवत नाही. स्फुरद मात्र ही माती नको तितका घट्ट धरते. सुपर फॉस्फेट फोकून दिले की बराचसा स्फुरद लोह-अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जातो आणि पिकाला थोडाच मिळतो.

भाताचे गणित वेगळे आहे. खाचरात पाणी साठले की मातीतली हवा संपते, लोहाचे रूप पालटते, काही आठवड्यांत सामू 7 च्या जवळ येतो आणि अडकलेला स्फुरदही काही प्रमाणात मोकळा होतो. म्हणून खरीप भाताला चुन्याचा खर्च करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पण खाचर वाळले की आम्लता परत येते. सामू 5.5 च्या खाली असेल तर अ‍ॅल्युमिनियम विरघळते, मुळे आखूड राहतात, मुळांवरच्या गाठी भरत नाहीत. भुईमूग नेमका इथे मार खातो.

एका शेतकरी दादांनी आम्लता घालवायला जिप्समची पोती आणली होती. दुकानदाराने तसे सांगितले म्हणे! जिप्सममधून शेंगेला कॅल्शियम आणि गंधक मिळते, आऱ्या सुटताना ते जरूर द्यावे. परंतु त्याने सामू वाढत नाही. त्यासाठी बारीक दळलेली चुनखडीच हवी. हेक्टरी 2 ते 4 क्विंटल चुनखडी पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे ओळीत द्या. सबंध शेतात टनावारी टाकण्यापेक्षा हे परवडते, मात्र दर हंगामाला पुन्हा द्यावी लागते. चुना आणि युरिया एकत्र देऊ नका. नाकाला झोंबणारा वास येतो ना, तो तुमचा नत्रच उडून जात असतो.

स्फुरद शेणखतात मिसळून बियाण्याच्या ओळीत पेरा. भातात चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपी ब्रिकेट खोचतो, त्यातही हाच फायदा आहे. खत एका जागी राहते, मातीशी कमी मिसळते. राब भाजल्याने राखेतून आम्लता थोडी उतरते हे खरे, पण तो पालापाचोळा आणि शेण कंपोस्टच्या खड्ड्यात गेलेले मला जास्त आवडेल. कुजलेले सेंद्रिय खत अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवते, राख ते करू शकत नाही.

आंबा-काजूच्या बागेला केवळ जमीन आम्ल आहे म्हणून चुना घालत बसू नका. ही झाडे या जमिनीत रुळलेली आहेत.

चुनखडी विकत घेण्याआधी माती तपासून घ्या. नमुना भात निघाल्यावर, खाचर वाळल्यावर घ्या. वरकस जमिनीची माती त्यात मिसळू नका, आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर मागचे पीक व पुढे घ्यायचे पीक, दोन्ही लिहा.