गोठ्यातली ऊब

निफाडकडे थंडीत पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे गोठ्यात डोकावलं, तर करडं एकमेकांवर रेलून झोपलेली दिसतात. अंगाला अंग लागलं की थंड हवा कमी लागते, ऊब टिकते. कुणी याला नुसती गरज म्हणेल. मला त्यात मायाही दिसते.

खुडूक कोंबडीचं तर फार कौतुक वाटतं. अंडी दुसरीची असोत, बदकाची असोत, ती उबवते आणि पिल्लं पंखाखाली घेते. तिच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून ती सारखी तिच्या पोटाखाली शिरतात. एखादं चोच तेवढी बाहेर काढून बघतं.

गाय ओलं वासरू चाटून कोरडं करते, त्यानं त्याचं रक्ताभिसरणही सुधारतं. तेव्हा मध्ये पडू नका. वासराला तासाभरात चीक पाजा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचे पडदे सोडा, खाली कोरडं काड अंथरा आणि रात्री कडबा थोडा वाढवून टाका. तो पचताना जनावराच्या पोटात उष्णता तयार होते.