चकलीचा घाणा आणि चोवीस पावले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘उद्योगातील कामाची सुधारणा’ हा विषय मला देण्यात आला, तेव्हा मी म्हटले, हा तर कारखानदारांचा विषय. आपल्या चकल्यांच्या शेगडीला तो कशाला? पण गेल्या दिवाळीत आपल्या फराळ विभागात जे घडले ते तुम्हांस ठाऊक आहे, आणि त्यात माझाही वाटा असल्याने बोलणे मला भाग आहे.

वसुबारसेला गिऱ्हाइके पिशव्या घेऊन दारात उभी, आणि चकल्या तयार नाहीत! जी ती म्हणू लागली, कढईवरच्या बाईंचा हात जड आहे. मीही चारचौघींत तसेच बोलले. बाई गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत.

पुढे लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन विदुषींविषयी माझ्या वाचनात आले. त्यांचे पती फ्रँक हे मूळचे गवंडीकाम शिकलेले. त्यांनी पाहिले, की गवंडी दर विटेमागे खाली वाकतो, म्हणजे विटेबरोबर स्वतःचे अर्धे अंगही उचलतो. विटा नीट रचून हाताच्या उंचीवर ठेवल्या, तशा अठरा हालचाली पाचांवर आल्या, आणि ताशी १२० विटांच्या जागी ३५० बसू लागल्या, असे टेलर यांनी १९११ सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. गवंडी तेच, हातही तेच.

१९२४ साली फ्रँक वारले. पदरी अकरा मुले. बाईमाणसाचा सल्ला घ्यायला पुष्कळ कारखानदार राजी होईनात, तेव्हा लिलियनबाईंनी आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळवली. स्ट्रॉबेरीचा एक केक करायला पडणारी २८१ पावले त्यांनी नुसती मांडणी बदलून ४५ वर आणली. गंमत अशी, की त्यांना स्वतःला स्वयंपाकाची मुळीच आवड नव्हती. कदाचित म्हणूनच त्यांना ती पावले दिसली असतील. आपल्याला सवयीने दिसत नाहीत.

परंतु घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या साहेबाचा कामगारांना राग येई. अमेरिकेतील वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात १९११ साली ओतारी कामगारांनी याच कारणाने काम सोडले होते. मला त्यांचे चुकले असे वाटत नाही. म्हणून मी आधी बाईंच्या घरी गेले, झाल्या बोलण्याची माफी मागितली आणि विचारले, “तुम्ही तळताना मी शेजारी वही घेऊन बसले तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “बसा की. पण मध्ये बोलू नका.”

दोन तास बसले. चकली मंद आचेवरच तळावी लागते. घाई केली तर वरून लाल, आत कच्ची, आणि दुसऱ्या दिवशी मऊ. तिथे कोणाचाच हात चपळ असून उपयोग नाही. घोटाळा निराळाच होता. सोऱ्या पलीकडच्या खोलीत, आणि तळलेल्या चकल्यांची चाळण व्हरांड्यात. दर घाण्यामागे बाईंना चोवीस पावले चालावी लागत. तेवढ्यात इकडे तेल भलतेच तापे. मग आच कमी करून ते निवण्याची वाट पाहणे आले. शिवाय सकाळीच सगळी भजणी एकदम भिजवलेली. दहानंतर पीठ कोरडे पडे, चकली सोऱ्यातून तुटे, आणि पुन्हा मळण्यात वेळ जाई. म्हणजे बाई कमी आणि कढईच जास्त खोळंबत होती!

मी नवी शेगडी घ्यावी असे सुचवणार होते. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “सोऱ्यावालीला माझ्या उजव्या हाताला बसवा, चाळण डावीकडे ठेवा, आणि पीठ थोडे थोडे भिजवा. हे मी दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते.” तेव्हा कोणी ऐकले नव्हते. ऐकणाऱ्यांत मीही होते, हे मला आठवले.

तसे केले. एक पैसा खर्च झाला नाही. उरलेल्या मागण्या धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पुऱ्या झाल्या, आणि बाई दिवेलागणीच्या आत घरी पोचल्या.

लाडवांचे काम मात्र अजून जुन्याच पद्धतीने चालते. तिथे तोलायचा काटा एक आणि वाट पाहणाऱ्या पाचजणी. पाकावर बसणाऱ्या भगिनींची हरकत नसेल, तर येत्या सोमवारी मी वही घेऊन येते. घड्याळ आणणार नाही.