परसातली कोंबडी आणि मजुरीचा दर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरातील वस्त्यांतून भाजीपाला लावावा, कोंबड्या-शेळ्या पाळाव्यात, कुटुंबाने आपल्या अन्नाचा काही भाग स्वतः पिकवावा, असा कार्यक्रम पक्षाने हाती घ्यावा की नाही यावर आपल्यात दोन तट पडले आहेत. एका तटाला हे विधायक कार्य वाटते. दुसऱ्याला तो गच्ची असलेल्यांचा छंद वाटतो. पालक कसा लावावा हे कोणालाही आठ दिवसांत शिकता येते. त्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावण्याचे कारण नव्हते. पिकविलेल्या पालकाची किंमत अखेर कोणाच्या खिशात जाते, एवढ्याच प्रश्नाविषयी मी बोलणार आहे. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. तिच्या १८८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने जर्मनीच्या खेड्यांतील घरगुती उद्योगांत राबणाऱ्या मजुरांचा दाखला घेतला आहे. या मजुरांपाशी स्वतःचे झोपडे असे, बटाट्याचे लहानसे वावर असे. सुधारकांना हे मोठे भाग्य वाटे. एंगल्सने हिशेब उलटा मांडला. कुटुंब बटाटे पिकविते म्हणून मालकाला पोटभर मजुरी देण्याची गरज उरत नाही; स्पर्धेच्या रेट्याने बटाट्यांची किंमत मजुरीतून वजा होते; शिवाय वावराला बांधलेला माणूस कामासाठी दुसरीकडे जाऊही शकत नाही. जर्मन माल जगाच्या बाजारात स्वस्त विकला जाई, त्यामागे हे बटाटे होते.

याचा पडताळा पाहण्यासाठी आपल्याला जर्मनीला जावे लागत नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराने काय केले? बायको-मुले रत्नागिरीत, साताऱ्यात, कोल्हापुरात ठेवली आणि स्वतः चाळीत पाळीपाळीने अंथरूण पसरले. गावची भातशेती, परसातली कोंबडी, दारातली शेळी हे सारे त्या कुटुंबाच्या पोटाला लागत होते म्हणून एकट्या माणसाच्या मजुरीवर घर चालले. म्हणजे कापडाच्या प्रत्येक ताग्यात गावाकडच्या बाईचे बिनपगारी श्रम विणलेले होते. आपल्या कामगार चळवळीने गिरणीतील बोनसचा हिशेब पैपैने मांडला, पण या श्रमांचा हिशेब फारसा मांडला नाही. तथापि याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा हजारो कामगार गावी परतले आणि त्याच तुकड्यावर महिनोन् महिने तग धरून राहिले. ज्या वावराने मजुरी खाली ठेवली त्याच वावराने संप लांबवला. म्हणून परसबाग क्रांतिकारक की प्रतिगामी, असे एका शब्दात उत्तर मागू नये. जमीन कोणाच्या हक्काची आहे आणि तिच्या मोबदल्यात कामगाराकडून काय काढून घेतले जात आहे, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते.

काढून घेणे म्हणजे काय, याचे ताजे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी बंद करण्यात आला आणि ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकसहभागातून पैसा उभारावा असे सांगण्यात आले. इकडे शाळाशाळांतून परसबागा फुलविण्यास उत्तेजन दिले जात होते, स्पर्धा भरत होत्या. परसबागेला माझा विरोध नाही. मुलांना मेथी उगवताना दिसावी हे चांगलेच. पण सरकारने आपल्या अंगावरचा खर्च झटकावा आणि ‘स्वावलंबन’ या शब्दाने ती जागा भरून काढावी, हा एंगल्सने सांगितलेल्या वजाबाकीचाच सरकारी प्रकार आहे. आपला कार्यक्रम या वजाबाकीला हातभार लावणार असेल तर तो न केलेला बरा.

आता थोडे आकडे पाहू. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे शास्त्रशुद्ध पद्धतीने थोड्या जमिनीत किती पिकू शकते हे शेतकऱ्यांना दाखवून दिले. पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगण्यास दहा गुंठे पुरेत, असे त्यांचे मांडणे होते. त्यांच्या प्रयोगांतूनच शहरात गच्चीवर उसाची चिपाडे व पालापाचोळा कुजवून भाजी पिकविण्याचीही प्रेरणा अनेकांनी घेतली. दाभोळकरांविषयी मला आदर आहे. पण दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, आणि मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात कुटुंबाला मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे. छत्तीस कुटुंबे जेवढ्या जागेत कोंबली जातात, तेवढी जागा एका कुटुंबाच्या अन्नाला हवी. पाण्याचेही तेच. मुंबई महापालिकेच्या वाटपात इमारतींसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटर असे मान धरले जात आले आहे. पालेभाजीच्या वाफ्याला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे दिवसाला चारपाच लिटर लागतात. दहा चौरस मीटरचा वाफा जगवायचा तर घरातल्या एका माणसाचे सारे पाणी त्याला द्यावे लागेल. ते पाणी पहाटे उठून भरणार कोण, हे मी या सभेतील भगिनींना सांगावयास नको.

कोंबड्यांचा हिशेब त्याहून बोलका आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणशी वर्षाला १८० अंडी म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला ९०० अंडी लागतात. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. तेव्हा तेरा-चौदा कोंबड्या हव्यात. त्यांचे खाणे दिवसाला शंभर-शंभर ग्रॅम धरले तरी सव्वा-दीड किलो. ‘घरातले उष्टे-खरकटे घाला’ असे सांगणाऱ्या मंडळींनी वस्तीतल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. तेथे रोज दीड किलो अन्न उरत नाही. उरते ते उपाहारगृहांत, लग्नाच्या सभागृहांत आणि भाजीबाजारात. म्हणजे कोंबडी गरिबाच्या दारात आणि तिचा दाणा श्रीमंताच्या कचऱ्यात, अशी ही स्थिती आहे. दोन-चार कोंबड्या ठेवाव्यात, त्यांच्या अंड्यांनी लेकराच्या पोटात काही तरी पडेल, हे खरेच. पण त्याला अन्नस्वातंत्र्य म्हणू नये. शेळीचे त्या मानाने बरे. ती गरिबाची गाय खरी. निवडणुकीनंतर भिंतीवरची पत्रके खाताना ती पक्षभेदही करीत नाही.

शहराने पोट भरल्याचे उदाहरण म्हणून आपले कार्यकर्ते हवानाचे नाव घेतात, तेव्हा त्याविषयी बोलणे प्राप्त आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि क्यूबाचे तेल, खते, पशुखाद्य एकदम तुटले. लोकांची उपासमार झाली. १९९२-९३ मध्ये जीवनसत्त्वांच्या अभावाशी जोडला गेलेला नेत्र व मज्जातंतूंचा विकार पन्नास हजारांवर लोकांना जडला. या हलाखीत हवानाच्या नागरिकांनी पडक्या इमारतींच्या जागी, रिकाम्या भूखंडांवर वाफे घातले. काँक्रीटच्या कडा बांधून त्यांत कंपोस्ट भरले. ससे, कोंबड्या पाळल्या. काहींनी तर न्हाणीघरात डुकरे वाढविली. हे लोकांचे कर्तृत्व. पण त्यामागे तीन गोष्टी होत्या, ज्या आपल्याकडे सांगितल्या जात नाहीत. सरकारने पडीक जागा कसणाराला भाडे न घेता वापरावयास दिली. बियाणे, सल्ला व रोगनियंत्रण यांसाठी शहराच्या भागाभागांत यंत्रणा उभी केली. आणि १९६२ पासूनची शिधापत्रिका या काळात रद्द केली नाही. वाफ्यातली भाजी शिध्यात भर म्हणून आली, शिध्याच्या बदल्यात आली नाही. इतके करूनही हवानाचे वाफे भाजीच पुरवू शकले. तांदूळ, गहू, तेल यांचा मोठा भाग क्यूबाला आयातच करावा लागला. शहर धान्य पिकवू शकत नाही. रेशनवरच्या धान्याला पर्याय म्हणून जो कोणी कुंडीकडे बोट दाखवील, तो फसवीत आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे, आणि तेथे समाजवादी सरकार नसतानाही कायदा झाला. १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकली की, रहिवाशांनी लागवडीसाठी तुकडे मागितले आणि मागणी खरी ठरली तर ते पुरवावेत. सहा रहिवाशांनी एकत्र येऊन लेखी मागणी केली तरी नगरपरिषदेला तिची दखल घ्यावी लागते. तेथील नेहमीचा तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या अडीच गुंठ्यांचा. १९५० च्या कायद्याने तर अशा तुकड्यावर कोंबड्या व ससे पाळण्याचा हक्कच दिला, भाडेकरारात मनाई असली तरीही. कोंबड्याला मात्र परवानगी नाही. पहाटे आरवून शेजाऱ्यांची झोपमोड करतो म्हणून इंग्रजांनी त्याला कायद्याने वगळला. दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी घरी कोंबड्या पाळल्या त्यांनी आपले अंड्यांचे रेशन सोडून द्यावे आणि त्याबदली कोंबड्यांचा दाणा घ्यावा, अशी व्यवस्था होती. येथेही वजाबाकी आहे. पण ती उघड, मोजून आणि मोबदला देऊन केलेली. न सांगता केलेली वजाबाकी आणि ही, यांत फरक आहे.

आता आपली जमीन. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांलगतचे पालक, लाल माठ, भेंडी यांचे वाफे आपण सर्वांनी पाहिले आहेत. रेल्वेच्या ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली ही जमीन रेल्वे कर्मचाऱ्यांना भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत अनेक दशके चालली. पट्टा ज्याच्या नावावर, तो बहुधा कसत नसे. कसणारा असे उत्तरेकडून आलेला एखादा मजूर, त्याच्या हाती ना कागद ना हक्क. त्याला पाणी मिळे ते बहुतकरून शेजारच्या नाल्याचे. ते घाण आहे म्हणून बोंब झाली की शिक्षा त्यालाच. त्याला शुद्ध केलेले सांडपाणी का दिले नाही, असे कोणी विचारीत नसे. १९४८ च्या कुळकायद्यासाठी आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनासाठी ज्या परंपरेने झगडा दिला, तिने रुळांलगतच्या या कुळांकडे मात्र पाहिले नाही. खेड्यात ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणारे आपण, शहरात जमीन म्हटली की फक्त घर डोळ्यांपुढे आणतो.

आणि शहरात जमीन नव्हती असेही नाही. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचा एक तृतीयांश भाग खुल्या जागांसाठी महापालिकेस, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकास असे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यांपुरते उरले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली सोडून दिला. या दोन निर्णयांनी शहरात जेवढी जागा गेली, तिच्यापुढे आपल्या साऱ्या कुंड्या मिळून काहीच नाहीत.

मग कार्यक्रम करावा का? करावा, पण वेगळ्या क्रमाने. बियाण्यांची पाकिटे शेवटी, जागा आधी. महापालिकेच्या, म्हाडाच्या, रेल्वेच्या ज्या जागा वर्षानुवर्षे पडून आहेत त्या वस्तीतील स्त्रियांच्या गटांना, प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्या नावावर, किमान पाच वर्षांच्या मुदतीने व पाण्याच्या जोडणीसह मिळाव्यात, ही पहिली मागणी. कोंबड्यांच्या बाबतीत एकेकट्या कुटुंबाचा मार्ग मला पटत नाही, आणि त्याचे कारण तत्त्वापेक्षा व्यवहाराचे आहे. मानमोडीची लस शंभर, दोनशे मात्रांच्या कुपीत येते; कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही म्हणून ते लस देत नाही, आणि एका साथीत सारी वस्ती रिकामी होते. तीस घरांनी एका दिवशी मिळून लस टोचली तर तोच खर्च नगण्य होतो. दाण्यासाठी भाजीबाजाराचा ओला कचरा मागावयाचा तोही गटानेच. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूने गाठले, तेव्हा मोठ्या शेडांबरोबर घराघरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. अशा वेळी भरपाईच्या यादीत आपले नाव लागावे, यासाठीही पक्ष्यांची नोंद असलेला गट लागतो.

आणि अंडी विकावयाची कोणाला? शाळेला. पोषण आहारातील अंड्याचा खर्च शासनाने पुन्हा आपल्या अंगावर घ्यावा आणि ती अंडी वस्तीतील गटांकडून ठरलेल्या भावाने खरेदी करावीत, ही मागणी या कार्यक्रमाला जोडलेली नसेल तर माझा पाठिंबा गृहीत धरू नका.

कामाची सुरुवात म्हणून प्रत्येक विभागातील दोघांनी माहितीच्या अधिकाराखाली आपापल्या प्रभागातील पडीक सार्वजनिक भूखंडांची यादी मागवावी: क्षेत्रफळ, आरक्षण कशाचे, किती वर्षे पडून, सध्या कोणाच्या ताब्यात. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. याद्या आल्या की आपण पुन्हा बसू. तोवर वाफे मोजण्याची घाई नको.