देह काय सांगतो?

अंबरनाथ-बदलापूरच्या दरम्यान रुळाशेजारी प्रेत सापडले, की बघ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडीखाली जीव दिला. दुसरा म्हणतो, मारून आणून टाकला. पोस्टमार्टेम करणाऱ्या डॉक्टरला असे घाईने बोलून चालत नाही. मृत्यू कशाने आला, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न. तो आपसूक आला, अपघाताने, आत्महत्येने की खुनाने, हा दुसरा. आणि खरी अडचण तिथेच आहे.

देह बरेच बोलतो. जिवंतपणीच्या जखमेत रक्त आजूबाजूच्या मांसात भिनते, धुतले तरी जात नाही. मेल्यावर चाक गेले असेल, तर कडा फिकट राहतात. मृत्यूनंतर रक्त खालच्या अंगाला उतरून डाग पडतात आणि काही तासांनी ते कायम होतात. प्रेत उताणे सापडले आणि डाग छातीवर दिसले, तर ते कोणीतरी हलवले, हे उघडच. उल्हास नदीतून काढलेल्या देहाच्या हाडांतील मगजात डायाटम नावाचे सूक्ष्म शेवाळ सापडले, तर ते नदीच्या पाण्याशी ताडून पाहतात. पण त्यावरून फार तर माणूस बुडून मेला एवढे म्हणता येते. पाय घसरला की कोणी लोटले, हे काठावरच्या खुणांनाच विचारावे लागते.

म्हणून पंचनाम्याला एवढे महत्त्व. जुन्या फौजदारी संहितेतील १७४ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १९४ वे झाले. पण परिसरातील निदान दोन प्रतिष्ठित माणसे समक्ष हवीत, हे कायमच आहे. गावात हे बोलावणे गुरुजींनाही येते. चपला कुठे होत्या, दार आतून लावलेले होते का, हे तेव्हाच पाहून ठेवावे. फास कापायचा झाला तर गाठ सोडून दुसरीकडे कापावा. गाठही साक्षीदार असते.

याच रेल्वेमार्गावरची एक हकीकत सांगतो. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, एक सधन विधवा, डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर पॅसेंजरने मुंबईस निघाल्या. बदलापूर, अंबरनाथ मागे टाकून गाडी पहाटे बोरीबंदरला लागली, तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी रुग्णालयात त्यांचे नाव भलतेच सांगितले. त्याच दिवशी बाई वारल्या. प्रेत बेवारस ठरले. पुढे शवविच्छेदन झाले. विष सापडले नाही, आणि मधुमेहाची मूर्च्छा हे कारण ठरले. देहाचे बोलणे इथे संपले. पण खोटे नाव, बाई जिवंत असल्याची भासवणारी बनावट पत्रे आणि हडपलेली मालमत्ता यांचे बोलणे न्यायालयाने ऐकले. मधुमेहाचे कारण नाकारून खून ठरवला आणि फाशी सुनावली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने कायम केली. तिघांपैकी एका न्यायमूर्तींना मात्र तेवढा पुरावा पुरेसा वाटला नाही.