एक पान अधिक



आजच्या भाषणाचा विषय फार मोठा नाहीं. घरचें जेवण, मित्राची भेट आणि देवाची प्रार्थना ह्या तीन गोष्टी बहुतेक घरांत असतात, आणि त्या रोजच्या असल्यामुळेंच त्यांच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. सणाच्या पुरणपोळीचें कौतुक सर्वच करतात. आडवारच्या ज्वारीच्या भाकरीविषयीं कोणी दोन शब्द बोलत नाहीं. मी अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांत मास्तरकी करून निवृत्त झालेला एक ख्रिस्ती मनुष्य आहें. पांडित्य माझ्यापाशीं नाहीं. परंतु आमच्यासारख्या साध्या कुटुंबांना अडचणीच्या दिवसांत धीर कोठून मिळतो, ह्याविषयीं जें वाचलें व पाहिलें, तें आपणांपुढें ठेवावें असा हेतु आहे.

प्रभु येशूनें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यांत मागण्या थोड्याच आहेत, आणि त्यांपैकीं एक रोजच्या अन्नाची आहे. मराठी भाषांतरकारांनीं तेथें ‘भाकर’ हाच शब्द योजिला, हें आम्हां वऱ्हाडकरांचें भाग्यच म्हटलें पाहिजे. ह्या मागणींत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, ती आजच्यापुरती आहे. वर्षभराची कणगी भरून द्यावी असें तींत म्हटलेलें नाहीं. दुसरी अधिक महत्त्वाची. भाकर मागणारा ती एकट्यासाठीं मागत नाहीं, सर्वांसाठीं मागतो. व्याकरणाच्या तासाला सर्वनामाचें वचन मीं मुलांना हजारों वेळां विचारलें असेल. ह्या ठिकाणीं त्या अनेकवचनांत सारा धर्म सांठविलेला आहे. शेजारी उपाशी असतां जो एकटा जेवून उठला, त्याची प्रार्थना अर्धीच राहिली.

शुभवर्तमानें वाचूं लागलें म्हणजे प्रभु कितीदां पंगतीला बसलेला दिसतो! जकातदार लेवीच्या घरीं तो जेवला. जक्कयाकडे तो आपण होऊन पाहुणा गेला. पांच हजारांची पंगत उठली ती एका मुलाजवळच्या जवाच्या पांच भाकरी व दोन मासळ्यांवर. अम्माऊसच्या वाटेनें दोघे शिष्य त्याच्याबरोबर चालत गेले, पण त्यांना ओळख पटली ती त्यानें भाकर मोडली तेव्हां. मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत आहे. रात्रभर जाळें टाकून थकलेले मित्र पहाटे किनाऱ्यास लागतात, तों निखाऱ्यावर मासळी आणि जवळ भाकर तयार असते. हेच मित्र संकटाच्या वेळीं त्याला सोडून पळाले होते. तरी त्यानें आधीं न्याहारी दिली आणि बोलावयाचें तें मागाहून बोलला. उपदेशाची हौस असलेल्या आम्हां शिक्षकांनीं हा क्रम पाठ करून ठेवावा.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या दोन दशकांत अकोल्यास, व पुढें अमरावती, खामगांव वगैरे ठिकाणीं अलायन्स मिशनचें काम सुरू झालें. १८९९-१९०० सालचा दुष्काळ वऱ्हाडास फार जाचक झाला. आईबाप गमावलेल्या मुलामुलींना अकोला व खामगांव येथील अनाथगृहांत आसरा मिळाला. निरनिराळ्या गांवांचीं व जातींचीं हीं लेंकरें. त्यांच्यांत रक्ताचें नातें नव्हतें. एका घंटेला उठणें, एका पंगतीला बसणें, एक प्रार्थना म्हणणें, ह्यांतूनच तें नातें जडलें. अशा पंगतीपासून जीं कुटुंबें उभीं राहिलीं, त्यांना आपला वंशवृक्ष सांगतांना आधीं एका ताटाची आठवण काढावी लागते.

पंगतीचें हें बळ उभ्या महाराष्ट्राला दाखविलें तें लक्ष्मीबाई टिळकांनीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे परत आल्या, तरी सोवळें सुटलें नव्हतें. जातिभेद हा देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, हें त्यांच्या मनानें घेतलें, आणि मग कोणाच्याहि हातचें खाण्यास त्यांना अडचण उरली नाहीं. बाप्तिस्मा त्यांनीं त्यानंतर, १९०० सालीं घेतला. म्हणजे पंगत आधीं बदलली, धर्म मागाहून. पोरक्या मुलांनाहि त्यांच्या घरीं ताट मिळालें. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत हा सर्व संसार त्यांनीं हंसत हंसत सांगितला आहे.

हा विचार केवळ ख्रिस्ती लोकांचा, असें मात्र कोणीं समजूं नये. अमरावती जिल्ह्यांतच १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं भुकेल्याला अन्न देणें हीच देवाची पूजा मानली. त्याच जिल्ह्यांत मोझरीस तुकडोजीमहाराजांनीं १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि सर्व जातिधर्मांच्या माणसांनीं एकत्र बसून प्रार्थना करावी असा पाठ घालून दिला. शेजारच्या दिव्याचा उजेड आपल्याहि ओट्यावर पडतो. तो नाकारण्यांत कसला धर्म?

१९७२ सालीं महाराष्ट्रभर अवर्षण पडलें, तेव्हां मी शाळकरी होतों. आमच्या घरीं रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी होत. त्या थापतां थापतां तुटत आणि घशाखालीं मोठ्या कष्टानें उतरत. वडिलांचे एक बालमित्र दर्यापूरकडे शेती करीत. ते हिंदु, आम्ही ख्रिस्ती. स्नेहांत त्यामुळें कधीं अंतर पडलें नाहीं. एके सायंकाळीं ते आले आणि मान खालीं घालून ओट्यावर बसून राहिले. कपाशी वाळून गेली होती, बैलजोडी विकावी लागली होती. आईनें कांहीं विचारलें नाहीं. पांच ताटांचीं सहा केलीं. मिलोची भाकर, मिरचीचा ठेचा आणि पातळ वरण, एवढेंच जेवण होतें. वडिलांनीं रोजची प्रार्थना म्हटली, आणि तिच्यांत मित्राचें नांव घेऊन एक वाक्य वाढविलें. ते गृहस्थ कितीतरी वेळ ताटाकडे पाहत राहिले. मग जेवले, जेवल्यावर बोलूं लागले. दुसऱ्या दिवशीं वडील त्यांच्याबरोबर तगाईच्या अर्जासाठीं कचेरींत गेले. रक्कम थोडीच मिळाली, पण पुढल्या मृगाला त्यांनीं पुन्हां तिफण धरली. पुष्कळ वर्षांनीं ते आईला म्हणाले, “वयनी, त्या राती तुमी मले काही पुसलं नाही, नुसतं ताट वाढलं. थेच माह्यासाठी लय झालं.”

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या वऱ्हाडांत किती शेतकऱ्यांनीं निराशेनें आपला जीव दिला, हें आपण जाणतां. एका जेवणानें कर्ज फिटत नाहीं, आणि प्रार्थना म्हटल्यानें कपाशीचा भाव चढत नाहीं. त्याचे उपाय निराळे आहेत आणि ते झालेच पाहिजेत. परंतु खचलेल्या मनुष्याला सर्वांत आधीं एकटेपण ग्रासतें. तें एकटेपण मोडण्यास सरकारी हुकूम लागत नाहीं. एक पान अधिक मांडणें पुरतें.

म्हणून तीन लहान गोष्टी सुचवितों. दिवसांतून एक जेवण सर्वांनीं मिळून करावें, आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूस ठेवावा. प्रार्थनेंत घराबाहेरच्या एका तरी माणसाचें नांव घ्यावें. ज्याचें नांव घेतलें, त्याच्या दारीं पाय आपोआप वळतात. आणि आठवड्यांतून एकदां कोणास तरी जेवावयास बोलवावें. पक्वान्न नको, भरीत-भाकर असली तरी चालेल. मुलें दूर नोकरीला गेल्यामुळें एकट्या राहणाऱ्या वृद्धांपासून आरंभ करण्यास कांहींच हरकत नाहीं.

आमचा नाताळ वऱ्हाडांत हुरड्याच्या दिवसांत येतो. कणसें भाजलीं जात असतां आगटीभोंवतीं बसलेल्यांत लहानमोठा कोणी राहत नाहीं. ज्याच्या हाताला लागेल त्यानें खावें आणि शेजाऱ्याच्या हातावर घालावें. वर्षाचे बाकीचे दिवसहि असेच जावेत, एवढीच त्या प्रभूपाशीं मागणी करून मी आपली रजा घेतों.