पडद्यावरचा नेता आणि पडद्याबाहेरची जनता

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला देण्यात आलेला विषय वरवर पाहता करमणुकीच्या पानावर शोभेल असा आहे. युद्धकाळातील नेत्यांवर दूरचित्रवाणीने तयार केलेले अनुबोधपट आणि त्यांचा प्रेक्षकांच्या मनावर दीर्घकाळ टिकणारा ठसा, असा तो विषय. महागाई, कामगार कायदे, शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर उभे असताना यासाठी वेळ का खर्च करावा, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती मी अस्थानी मानणार नाही. तिचे उत्तर एका अनुभवाने देतो.

काही महिन्यांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील तरुण कामगारांच्या वर्गात मी फॅसिझमच्या पराभवावर बोललो. भाषण संपल्यावर वीस-बावीस वर्षांच्या एका हुशार कामगाराने विचारले, "कॉम्रेड, चर्चिल नसता तर हिटलर जिंकलाच असता ना?" त्याने महायुद्धावर एकही पुस्तक वाचलेले नव्हते. मात्र घरच्या दूरचित्रवाणीवर आणि पुढे स्वतःच्या मोबाइलवर त्याने अनेक अनुबोधपट पाहिले होते. चर्चिलची सिगार, टोपी, दोन बोटांची खूण आणि घोगरा आवाज हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे व कानांत होते. स्टालिनग्राद हे नाव त्याने ऐकले होते, पण ते शहर कोणी राखले हे त्याला सांगता येईना. बंगालच्या दुष्काळाविषयी तर त्याला काहीच माहीत नव्हते. हा दोष त्या तरुणाचा नाही. त्याच्या मनातील जी जागा आपण रिकामी ठेवली, ती दुसऱ्यांनी भरली.

१९४५ चे मतदार आणि २००२ चे प्रेक्षक

या ठशाचे सामर्थ्य किती असते, हे पाहण्यासाठी प्रथम ब्रिटनकडेच वळू. ८ मे १९४५ रोजी युरोपातील युद्ध संपले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २६ जुलैला, ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागला. ६४० जागांपैकी ३९३ जागा मजूर पक्षाने जिंकल्या आणि विजयी पंतप्रधान म्हणून मिरवणारा चर्चिल सत्तेवरून दूर झाला. ज्यांनी बाँबवर्षाव सोसला, कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या, आघाडीवर बंदुका चालवल्या, त्यांनीच हा कौल दिला होता. त्यांना १९३० नंतरच्या दशकातील बेकारी आठवत होती. १९२६ च्या सार्वत्रिक संपात सरकारचे संपविरोधी पत्र चालवणारा चर्चिल वयस्कर कामगार विसरले नव्हते. युद्ध जिंकण्याचे श्रेय एका माणसाच्या पदरात टाकून घरी परतण्यास ती पिढी तयार नव्हती.

आता ५७ वर्षे पुढे या. २००२ साली बीबीसीने सर्वश्रेष्ठ ब्रिटिश व्यक्ती कोण, यावर प्रेक्षकांचा कौल घेतला. अंतिम दहा व्यक्तींवर प्रत्येकी एक अनुबोधपट दाखवण्यात आला आणि नंतर मते मोजण्यात आली. पहिला क्रमांक चर्चिलला मिळाला. त्याची बाजू पडद्यावर मांडणाऱ्या मो मोलम या मजूर पक्षाच्याच माजी मंत्री होत्या, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. युद्ध जगलेल्या मतदाराचा निर्णय आणि युद्ध पडद्यावर पाहिलेल्या प्रेक्षकाचा निर्णय यांत हे जे अंतर पडले, ते कसे पडले?

त्याची सुरुवात चर्चिलने स्वतःच करून ठेवली होती. १९४८ ते १९५३ या काळात महायुद्धावरील त्याच्या आठवणींचे सहा खंड प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधारावर १९६० साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर एक मालिका आली आणि तीत चर्चिलचे शब्द रिचर्ड बर्टन या नामवंत नटाच्या आवाजात ऐकू आले. खटल्यातील एका पक्षकारानेच निकालपत्र लिहावे आणि ते उत्तम नटाने वाचून दाखवावे, तसा हा प्रकार होता. ३० जानेवारी १९६५ रोजी चर्चिलची अंत्ययात्रा दूरचित्रवाणीने घरोघर पोहोचवली. मत बनवण्याचे काम मतपेटीकडून पडद्याकडे असे हळूहळू सरकत गेले.

आवाज केव्हाचा, कॅमेरा कोणाचा?

दूरचित्रवाणीचा अनुबोधपट सहसा उघड खोटे बोलत नाही. तो खऱ्या चित्राशेजारी खरा आवाज ठेवतो आणि दोन्ही एकाच क्षणाचे आहेत, असा आपला समज होऊ देतो. ४ जून १९४० चे चर्चिलचे भाषण घ्या. डंकर्कहून माघार घेतल्यानंतर केलेले, किनाऱ्यांवर लढण्याचा निर्धार सांगणारे ते सुप्रसिद्ध भाषण कॉमन्स सभागृहात झाले आणि त्या सभागृहात तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. त्या रात्री ब्रिटिश जनतेने नभोवाणीवर त्यातील उतारे निवेदकाच्या तोंडून ऐकले. आज अनुबोधपटांत आपण जो आवाज ऐकतो, तो चर्चिलने १९४९ साली, युद्ध संपून चार वर्षे झाल्यावर मुद्रित केलेला आहे. १८ जून १९४० च्या भाषणासारखी काही भाषणे त्याने स्वतः नभोवाणीवरून पुन्हा केली, हेही खरे आहे. परंतु १९४९ च्या आवाजावर १९४० चे सैनिक चालताना पाहिले की ते त्या आवाजाच्या आज्ञेनेच चालत आहेत, असे प्रेक्षकाला वाटू लागते.

कॉम्रेड्स, हा प्रश्न फक्त शत्रूच्या पडद्याला विचारून चालणार नाही. ७ नोव्हेंबर १९४१ रोजी, जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीपर्यंत आल्या असताना, रेड स्क्वेअरवर संचलन झाले आणि सैनिक तेथून थेट आघाडीकडे गेले. हे संचलन पूर्णतः खरे आहे आणि जगाच्या इतिहासातील धैर्याच्या थोर प्रसंगांत त्याची गणना व्हावी, यात शंका नाही. मात्र ते अचानक लवकर सुरू झाल्याने स्टालिन यांचे भाषण जागेवर ध्वनिमुद्रित होऊ शकले नाही. पुढे क्रेमलिनमधील दालनात लेनिन समाधीच्या व्यासपीठाची प्रतिकृती उभारून ते भाषण पुन्हा चित्रित केले गेले. चौकात सैनिक थंडीने गारठलेले दिसतात, पण बोलणाऱ्या नेत्याच्या तोंडून वाफ निघताना दिसत नाही. मॉस्कोच्या लढाईवरील ज्या सोव्हिएत चित्रपटात हे दृश्य आहे, त्याला १९४३ साली अमेरिकेत ऑस्कर पारितोषिकही मिळाले. सैनिकांच्या खऱ्या शौर्याला अशा पूरक दृश्याची गरज का भासावी, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. व्यक्तिपूजेची समीक्षा १९५६ च्या विसाव्या काँग्रेसमध्ये झाली, परंतु तिचे चित्रित अवशेष आजही पडद्यावर फिरत आहेत. २००८ साली रशियन दूरचित्रवाणीने घेतलेल्या अशाच एका कौलात स्टालिन तिसरे आले. त्याचा आनंद मानण्यापूर्वी २ कोटी ७० लाख मृत सोव्हिएत नागरिकांना त्या कौलात कोणते स्थान मिळाले, हे आपण पाहावे.

रूझवेल्ट यांची गोष्टही अशीच. १९२१ च्या आजारानंतर त्यांच्या पायांत चालण्याचे बळ उरले नव्हते, परंतु चाकांच्या खुर्चीतील त्यांची चित्रे वृत्तपटांतून कटाक्षाने टाळली गेली. पुढचे अनुबोधपट त्याच वृत्तपटांतून बनले, म्हणून पडद्यावरचे रूझवेल्ट कायम ताठ उभे राहिले.

सर्वांत घातक उदाहरण हिटलरचे आहे. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अनुबोधपटांतही त्याची पुष्कळशी दृश्ये नाझींच्याच कॅमेऱ्यांनी टिपलेली असतात. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर लेनी रीफेनश्टालने जो प्रचारपट काढला, त्यातील तुकडे आजही सर्रास वापरले जातात. निवेदक निषेध करीत असतो, पण खालून वर पाहणारा, गर्दीला शिस्तबद्ध ठोकळ्यांत बसवणारा तो कॅमेरा प्रेक्षकाचा डोळा बनून राहतो. निवेदन विसरले जाते आणि दृश्य मनात टिकते. जर्मन भांडवलदारांनी १९३३ साली हिटलरच्या निवडणूक निधीला दिलेल्या पैशाचे चित्रण कोणी केलेले नव्हते, म्हणून ते पडद्यावर क्वचितच येते. परिणामी फॅसिझम हा एका झपाटलेल्या वक्त्याचा पराक्रम ठरतो आणि त्यामागचा वर्ग सुखरूप निसटतो.

चौकटीबाहेरचे

आता चौकटीत न आलेल्यांकडे वळू. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मरण पावली. जपानी आक्रमणाच्या भीतीने सरकारने १९४२ साली बंगालच्या किनारी भागातील होड्या काढून घेतल्या व धान्याचे साठे हलवले. युद्धखर्चाच्या चलनफुगवट्याने आणि साठेबाजांनी तांदूळ गरिबांच्या हाताबाहेर नेला. हिंदुस्थानातून धान्यासाठी मागण्या जात असताना लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने पुरेशी जहाजे दिली नाहीत. त्या मंत्रिमंडळाचा प्रमुख चर्चिल होता. हिंदी लोकांविषयी त्याने काढलेले तुच्छतेचे उद्गार त्याच्याच भारतमंत्र्याच्या, लिओपोल्ड एमरीच्या, दैनंदिनीत नोंदलेले आहेत. तो नभोवाणीवरचा आवाज आणि ही दैनंदिनी एकाच माणसाची साक्ष देतात, पण पडद्यावर आपल्याला त्यांतील एकच ऐकू येते.

त्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील शौर्याबद्दल तोच सन्मान मिळाला. ज्या देशाच्या शेतकऱ्यांची मुले फॅसिझमशी लढत होती, त्याच देशाचे शेतकरी उपाशी मरत होते. नेत्याच्या चरित्रपटात या दोन वाक्यांना एकत्र जागा मिळत नाही, कारण ती एकत्र आली की नायक नायक राहत नाही.

मग दुष्काळाची नोंद कोणी ठेवली? २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने दुष्काळाची छायाचित्रे छापली आणि सरकारची चुप्पी मोडली. आपल्या पक्षाने सुनील जाना यांचा कॅमेरा आणि चित्तप्रसाद यांची लेखणी बंगालच्या खेड्यांत पाठवली. चित्तप्रसाद यांच्या दुष्काळचित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पक्षाच्या त्या काळातील भूमिकेची चर्चा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु भुकेल्या माणसाचा चेहरा जगापुढे आणण्याचे काम तेव्हा कोणी केले, याविषयी वाद होऊ नये.

दुसरी वाट आहे

अनुबोधपट हे माध्यमच त्याज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मिखाईल रोम या सोव्हिएत दिग्दर्शकाने १९६५ साली 'सामान्य फॅसिझम' हा चित्रपट केला. त्याने नाझींचीच दृश्ये घेतली, पण ती थांबवून, उलटून, त्यांवर स्वतःच्या आवाजात प्रश्न विचारून नेत्याचा रुबाब उतरवला. शेजारी जर्मन सैनिकांनी हौसेने काढलेली छायाचित्रे ठेवली आणि गुन्हा किती सामान्य हातांनी घडतो, हे दाखवले. रोमान कार्मेन यांच्या १९७८ च्या वीस भागांच्या मालिकेत वेढलेल्या लेनिनग्रादच्या बर्फातून घसरगाडीवर आपली प्रेते ओढत नेणारी माणसे दिसतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, तरी ती विसरता येत नाहीत. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: मनावर कायमचा ठसा उमटवण्याची शक्ती फक्त नेत्याच्या चेहऱ्यात असते, हा समज खोटा आहे.

ब्रिटनमध्ये १९७३-७४ साली दाखवल्या गेलेल्या 'द वर्ल्ड ॲट वॉर' या २६ भागांच्या मालिकेने नागरिक, सैनिक, टंकलेखिका यांना बोलते केले, ही तिची मोठी कामगिरी. तिच्याही मर्यादा आहेत. बंगालच्या दुष्काळासाठी त्या २६ भागांत एकही स्वतंत्र भाग नाही. तसेच हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअर तीत शांत, सुसंस्कृत गृहस्थासारखा बोलतो. ज्यूंच्या संहाराची आपल्याला नेमकी माहिती नव्हती, ही भूमिका त्याने आयुष्यभर जाहीरपणे राखली. हिमलरने पोझेन येथे ६ ऑक्टोबर १९४३ रोजी त्या संहाराविषयी उघड भाषण केले, तेव्हा आपण हजर होतो, अशी कबुली देणारे त्याचे खाजगी पत्र २००७ साली उजेडात आले. पण तोवर तो सभ्य चेहरा लक्षावधी घरांत स्थिरावून गेला होता. कागद उशिरा येतो, चेहरा आधी पोहोचतो.

आपले काम

इतिहासात व्यक्तीला स्थान नाही, असे मार्क्सवाद कधीही म्हणत नाही. प्लेखानोव्ह यांनी १८९८ सालीच या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली आहे. चर्चिलने १९४० साली हिटलरशी तडजोड नाकारली, याला महत्त्व होते आणि ते मान्य करण्यात आपल्याला कमीपणा नाही. पण नकार टिकवण्यासाठी खाणीत, गोदीत, शेतात आणि आघाडीवर कोट्यवधी माणसे लागतात. त्या तरुण कामगाराला मी शेवटी हेच उत्तर दिले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग ती माणसे दिसत का नाहीत?" यापेक्षा चांगला प्रश्न मला त्या वर्गात कोणी विचारला नाही.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. आपण भिलाईत असा, इंदूरला असा, बडोद्यात किंवा बेळगावात असा, शाखेत असा एखादा अनुबोधपट एकत्र बसून पाहा. तो मध्येच थांबवा आणि चार प्रश्न विचारा. हे दृश्य कोणाच्या कॅमेऱ्याने टिपले? हा आवाज केव्हा मुद्रित झाला? चौकटीबाहेर कोण राहिले? आणि यासाठी पैसा कोणी दिला? आपल्या बाजूच्या चित्रपटांनाही हेच चार प्रश्न विचारा. ज्याला ते सोसत नाहीत, तो आपला नव्हे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. त्या काळाचे साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. आपल्या भागातील वृद्ध कामगार, शेतकरी, निवृत्त सैनिक यांनी जे पाहिले, किंवा आईबापांकडून ऐकले, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. १९४३ साली चित्तप्रसाद यांच्याजवळ शाई आणि कागद होता, तरीही त्यांची चित्रे जाळून संपली नाहीत. आपल्याजवळ त्याहून पुष्कळ अधिक साधने आहेत आणि ती न वापरण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही.