गोष्ट पुरी करण्याविषयी

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्मरणिकेसाठी गोष्ट लिहावयास चिटणीसांनी आम्हांस आठ दिवसांची मुदत दिली होती. सातव्या दिवशी ती त्यांच्या हाती पडली, याचे आपल्या तरुण लेखकांस नवल वाटले. त्यात नवल काही नाही. एका जुन्या चुकीची ती भरपाई आहे, आणि ती चूकच आज सांगावयाची आहे.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. पुढे ही प्रथा अशी रुजली की, फराळाच्या ताटाशेजारी अंक नसेल तर दिवाळी अपुरी वाटू लागली. मराठी कथालेखकास मुदतीचा खरा परिचय झाला तो या अंकांमुळे. कारण दिवाळी कोणासाठी थांबत नाही.

१९८४ साली आम्हीही एका दिवाळी अंकासाठी गोष्ट लिहावयास घेतली. हाती महिना होता. विषय आमच्या आत्याचा. तिच्या घरी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. एके दिवशी घरात भाकरी एकच उरली. ती मुलाच्या पानात वाढून आत्या म्हणाली, “मला आज एकादशी आहे रे.” एकादशी दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. आम्ही लहान होतो, पण भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते.

एवढीच गोष्ट. परंतु आम्ही तीन आठवडे आत्याच्या वाड्याचे वर्णनच घोटीत बसलो. पहिले पान अकरा वेळा लिहिले. भाकरीपर्यंत पोहोचलोच नाही. मुदत टळली. आत्या मधूनमधून विचारी, “काय रे, झाली का तुझी गोष्ट? वाचून दाखव की.” आम्ही म्हणत असू, “पुरी झाली की दाखवतो.” त्याच मार्गशीर्षात आत्या गेली. संपादकांची मुदत पुढल्या वर्षी पुन्हा आली असती. ही दुसरी मुदत कोणी कळविलीच नव्हती.

रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की याच्यावर १८६६ साली असाच प्रसंग आला होता. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी न दिल्यास त्याचे लेखन नऊ वर्षे मोबदल्याविना छापण्याचा हक्क प्रकाशकास मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी कागद कोरा. तेव्हा त्याने अ‍ॅना नावाची लघुलेखिका नेमली. दिवसा त्याने सांगावे, तिने टिपून घ्यावे आणि रात्री घरी त्याची स्वच्छ प्रत करावी. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पुरी झाली. ठरलेली वेळ आणि दुसऱ्या दिवशी हजर होणारे माणूस यांनी ते काम पार पाडले. पुढल्या वर्षी उभयतांचा विवाह झाला, हा भाग वेगळा!

आम्हांपाशी लघुलेखिका नव्हती; घड्याळ होते. पहिल्या दिवशी आम्ही गोष्टीचा शेवट, म्हणजे भाकरीचा प्रसंग, लिहून काढला. पुढले तीन दिवस पहाटे दोन तास आरंभापासून त्या प्रसंगापर्यंत लिहीत गेलो. मागचे पान उलटून वाचावयाचे नाही, हा नेम. एखादा शब्द अडला तर जागा कोरी सोडली. पाचव्या दिवशी वहीस हात लावला नाही. सहाव्या दिवशी सारे मोठ्याने वाचले. जेथे जीभ अडखळली तेथे वाक्य मोडले, आणि वाड्याचे वर्णन चार ओळींवर आणले. सातव्या दिवशी समास सोडून कागदाच्या एकाच बाजूस स्वच्छ प्रत केली.

गोष्ट उत्तम साधली, असा आमचा दावा नाही. परंतु अपुऱ्या गोष्टीतील दोष सुधारता येत नाहीत, पुऱ्या गोष्टीतील येतात. पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या; कोऱ्या वहीवर लाल शाई काय करणार?

तरुण मित्रांनो, आपल्या घरोघरी अशा आत्या, आजी, काका आहेत. त्यांच्या गोष्टी आपण मनात बाळगून आहात. त्या लवकर लिहा, वेड्यावाकड्या लिहा, पण पुऱ्या करा, आणि ज्यांच्या आहेत त्यांना वाचून दाखवा. आमची गोष्ट पुरी झाली त्या सायंकाळी आम्ही ती आत्याच्या तसबिरीपुढे बसून वाचली. घरातील मंडळींनी ऐकली. जिने ऐकावयाची, ती मात्र नव्हती.